आधी क्रीम एल, मग प्रयोग

ओळखीतल्या कुणी घरी बिअर करायला घेतली की पहिला हट्ट आयपीएचा, म्हणजे इंडिया पेल एल या कडवट बिअरचा असतो. भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं), भरपूर वास आणि खिशाला भरपूर चाट. माझा सल्ला उलटा असतो: आधी क्रीम एल करा. बार्ली, मका, नावापुरते हॉप्स आणि साधं यीस्ट. रंगाला फिकट, प्यायला हलकी, आणि चुका झाकायला तिच्यात काहीच नाही. पाण्यात क्लोरीन राहिलं, नळी नीट धुतली नाही, खोली तापली, तर पहिल्या घोटात कळतं. आयपीएमध्ये हे सगळं हॉप्सच्या वासाखाली खपून जातं. शिवाय पुढे कोकम, धने, ज्वारी असं काही घालून बघायचं असेल, तर मूळ बिअरची चव आधी जिभेवर पक्की बसलेली बरी.

मी मूळची सोलापूरची, आता ओहायोत कोलंबसजवळ राहते. आमच्या वस्तीच्या बाहेर पडलं की मक्याची शेतं सुरू होतात ती संपतच नाहीत. या भागात बसून जर्मन माल्ट आणि न्यूझीलंडचे हॉप्स मागवणं मला जरा हास्यास्पद वाटतं. करू द्या ज्यांना करायचं त्यांना.

कायद्याचं एकदा सांगून टाकते. घरी बिअर करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली ती अध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केल्यावर. ती लागू झाली फेब्रुवारी १९७९ पासून. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही, मंडळाच्या स्नेहसंमेलनात ‘खर्चापुरते’ पैसे घेऊनही नाही. अलाबामा आणि मिसिसिपी २०१३ पर्यंत अडून बसले होते, त्यामुळे आपापल्या राज्याचा नियम बघून घ्या. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तिकडच्या मंडळींनी हे नुसतं वाचावं आणि तहान पुण्यातल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत भागवावी.

आता मका का, ते. ‘पैसे वाचवायला मका ढकलतात’ असं बिअरचे दर्दी नाक मुरडून म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. एकोणिसाव्या शतकात जर्मन ब्रुअर इथे आले तेव्हा त्यांच्या हाती आली ती सिक्स-रो बार्ली, म्हणजे कणसावर दाण्यांच्या सहा रांगा असलेली. तिच्यात प्रथिनं जास्त आणि फोलपटही जास्त. नुसत्या तिचीच बिअर केली तर गढूळ आणि जडसर होते. पण तिच्यात एन्झाइमही रग्गड असतात, स्वतःच्या स्टार्चची साखर करून वर दुसऱ्या धान्याची करता येईल इतकी. मक्यात आणि तांदळात स्टार्च भरपूर, विरघळणारी प्रथिनं कमी. दोन्ही एकत्र आली आणि बिअर निवळली. क्रीम एलही त्याच घडामोडीतली: लागरचा (थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरचा) बोलबाला झाल्यावर पूर्वेकडच्या एलवाल्यांनी (एल जरा उबदार हवेत लवकर आंबते) तिला तोंड द्यायला काढलेली, लागरसारखी फिकट पण एलच्या यीस्टची. तिच्यात क्रीम किंवा दूध काहीही नसतं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची जेनेसी क्रीम एल १९६० पासून बाजारात आहे. हिरवा कॅन दिसला तर आणा, थंड करा, आणि आपली झाली की शेजारी ठेवून प्या.

पाच गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर बिअरसाठी माझं प्रमाण असं: भरडलेलं सिक्स-रो माल्ट ३.४ किलो (न मिळाल्यास अमेरिकन टू-रो, म्हणजे दोन रांगांची, काही बिघडत नाही), मक्याचे फ्लेक्स ९०० ग्रॅम, क्लस्टर जातीचे हॉप्स २० ग्रॅम, आणि यूएस-०५ या कोरड्या यीस्टचं एक पाकीट. बस्स. क्लस्टर ही जुनी अमेरिकन जात आहे, फॅशनमधून गेलेली आणि म्हणून स्वस्त. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. घरी नाचणीचं सत्त्व केलं असेल तर मोड कशासाठी आणतात हे तुम्हाला सांगायला नको. मोड येताना धान्यात जी एन्झाइम जागी होतात त्यांच्याच जिवावर पुढचा सगळा खेळ आहे.

सामानात दहा गॅलनचं पातेलं, त्यात मावेल अशी जाळीची पिशवी, थर्मामीटर, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारा), एअरलॉकचं (गॅस बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं) झाकण असलेली साडेसहा गॅलनची प्लॅस्टिकची बादली, सायफनची नळी आणि वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) गार करायला तांब्याचं वेटोळं. वर एक गॅलनच्या काचेच्या चार-पाच बरण्या घ्या, प्रयोगांसाठी लागतात. चकचकीत स्टीलची महागडी यंत्रं मिळतात. बिअरला त्यांची गरज नसते.

सुरुवात आदल्या रात्रीच्या पाण्यापासून. शहराच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामिन असतं. त्याची माल्टमधल्या फेनॉलशी गाठ पडली की बिअरला दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखा वास येतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही. क्लोरामिन नुसतं उकळूनही सहजी जात नाही. कॅम्पडेनची गोळी मिळते. एक गोळी वीस गॅलनला पुरते, आपल्याला २८ लिटर पाण्यासाठी अर्धी पुष्कळ झाली. चुरून टाकायची आणि ढवळायचं.

ते २८ लिटर पाणी ६९ अंश सेल्सिअसला आणा, गॅस बंद करा, पिशवी सोडा आणि माल्ट-मका ओता. तापमान ६६ च्या आसपास स्थिरावेल. गुठळ्या नीट फोडा. आत कोरडं पीठ राहिलं तर तितकी साखर बुडाली. पातेल्यावर झाकण, त्यावर जुनी रजई, आणि तासभर हात लावायचा नाही. तापमान ६२-६३ कडे गेलं तर बिअर जास्त कोरडी होते, ६९-७० कडे गेलं तर गोडसर आणि भरीव. क्रीम एलला ६५-६६ योग्य.

तासाभराने चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत काढा आणि त्यावर आयोडीनचा एक थेंब टाका. पाण्यात धान्याचा कण नको, कोंड्याला आयोडीन लागून उगाच काळं दिसतं. थेंब निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून पंधरा मिनिटं थांबा. तपकिरी-पिवळाच राहिला तर काम झालं. बशीतलं फेकून द्या, पातेल्यात परत ओतू नका. मग त्याच पाण्याची चव घ्या. तासापूर्वी पिठूळ असलेलं पाणी चक्क गोड लागतं, आणि त्यात आपण साखरेचा कणही टाकलेला नसतो. मला अजूनही याची मौज वाटते.

फ्लेक्स मिळाले नाहीत तर मक्याचा रवा चालतो, पण तो आधी शिजवावा लागतो. फ्लेक्स वाफवून दाबलेले असतात, त्यांचा स्टार्च उघडलेला असतो. रव्याचा नसतो, आणि बंद स्टार्चवर एन्झाइमचं काही चालत नाही. ९०० ग्रॅम रव्यात मूठ-दोन मुठी माल्ट आणि चार लिटर पाणी घालून ६८ अंशांवर वीस मिनिटं ठेवा, मग उकळी आणून अर्धा तास शिजवा. पिठलं करताना ढवळतो तसं ढवळत राहायचं, नाहीतर खाली धरतं आणि करपट वास सगळ्या बिअरला लागतो. इकडे बाकीचं माल्ट २२-२३ लिटर पाण्यात ६० अंशांवर बसलेलं हवं. त्यात हा उकळता लगदा ओतला की एकूण तापमान आपोआप ६६ च्या घरात येतं. जुन्या ब्रुअरीजमध्ये यासाठी वेगळं भांडं असायचं. आळस नसेल तेव्हा मी रवाच वापरते, चव थोडी भरदार येते.

पिशवी उचलून निथळू द्या, हाताने जरा दाबा, आणि गॅस मोठा करा. उकळी फुटायच्या आधी फेस वर येतो तेव्हा पातेल्यापासून हलू नका. फोन आला तर वाजू द्या. फेस बसला की हॉप्स टाका आणि साठ मिनिटं उकळा. कडवटपणा १५ ते १८ आयबीयूपर्यंत (हे कडवटपणाचं माप) येतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. झाकण ठेवायचं नाही. बिअरला उकडलेल्या कणसाचा वास आला तर लोक मक्याला दोष देतात, पण तो वास बहुतेकदा डायमिथाइल सल्फाइडचा असतो. बार्लीच्या मोडात तयार झालेल्या एका द्रव्यापासून तो गरम वर्टमध्ये सुटत राहतो आणि वाफेबरोबर उडून जातो. झाकण ठेवलंत तर परत आतच पडतो. फिकट पिल्सनर माल्ट वापरलं असेल तर नव्वद मिनिटं उकळा.

उकळणं संपल्यावर वर्ट लवकर १८ अंशांपर्यंत आणायचं. इथून पुढे बिअरला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी: बादली, झाकण, नळी, चमचा, कात्री, यीस्टचं पाकीटसुद्धा. मी स्टार सॅन वापरते, पाच गॅलन पाण्याला एक औंस. दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि धुवायचं नाही. फेस राहिला तर राहू द्या, बिअरला काही होत नाही. मात्र आधी घासूनपुसून स्वच्छ केलेलं हवं, मळावर निर्जंतुकाचा उपयोग नाही. थंड वर्ट उंचावरून बादलीत ओता म्हणजे हवा मिसळेल, आणि यीस्ट भुरभुरा. हायड्रोमीटर १.०४८ च्या आसपास दाखवेल.

आमच्या बेसमेंटमध्ये हिवाळ्यात १६ अंश असतं, म्हणून क्रीम एल मी नोव्हेंबर ते मार्चमध्ये करते. आंबताना बिअर स्वतः दोन-तीन अंशांनी तापते, तेव्हा खोलीचं नव्हे, बादलीचं तापमान बघा. १८ च्या पुढे फार जाऊ दिलं तर फळांचे वास येतात, जे या बिअरला नकोत. एअरलॉकची बुडबुड थांबली म्हणजे बिअर झाली असं समजू नका. झाकणाची फट असली की बुडबुड लवकर थांबते आणि हवामान बदललं की पुन्हा सुरू होते. दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर लावा, तीन दिवसांनी परत लावा. दोन्ही वेळा आकडा तोच, १.०१० च्या जवळपास आला, तरच पुढे जायचं. अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास असतं.

एक-दोन घाणे साधेच करा, तेही मनासारखे जमले की मग प्रयोग. एका वेळी एकच गोष्ट बदला. मका, यीस्ट आणि हॉप्स तिन्ही बदलून बिअर छान झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही.

धान्यातला सोपा बदल म्हणजे जाड पोहे. मक्याऐवजी तितकेच, ९०० ग्रॅम, चाळून थेट मॅशमध्ये, म्हणजे माल्ट भिजत ठेवलेल्या गरम पाण्यात. पोहे भिजवून, भाजून, कांडलेले असल्यामुळे वेगळे शिजवावे लागत नाहीत. ब्रुइंगच्या दुकानात तांदळाचे फ्लेक्स दुप्पट-तिप्पट किमतीला विकतात ते करतात तेच काम आपले पोहे करतात. पातळ पोह्यांचा लगदा होतो, ते चिवड्यालाच ठेवा. बिअर मक्याच्या बिअरपेक्षा कोरडी आणि कुरकुरीत लागते. सेंट लुईसची बडवायझर १८७६ पासून तांदळावरच उभी आहे, तेव्हा परंपरा मोडली असंही कुणी म्हणणार नाही.

माझा लाडका बदल ज्वारीच्या लाह्यांचा. कच्ची ज्वारी सहजी शिजत नाही, तिचा स्टार्च उघडायला बार्लीपेक्षा जास्त तापमान लागतं. पण लाही फुटताना ते काम होऊनच जातं. बिनतेलाच्या, बिनमिठाच्या लाह्या घ्या. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये नागपंचमीच्या सुमारास हमखास मिळतात. अर्धा मका काढून ४५० ग्रॅम लाह्या. वजनाला एवढ्याशा असल्या तरी डोंगरभर दिसतात आणि पाण्यावर तरंगतात. मूठमूठ टाकत झाऱ्याने दाबून बुडवा. बिअरला भाजक्या धान्याचा हलका वास येतो, भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकली की सुटतो तो. ज्वारी आहे म्हणून ही ग्लूटेनमुक्त होते असं मात्र कुणाला सांगू नका, बार्ली आहेच. आणि सोलापूरकर शेंगदाणे सुचवणारच. त्यांना सांगा, तेलाने फेस मरतो.

कोकम, धने असले पदार्थ आंबणं पूर्ण झाल्यावर. बिअर सायफनने एकेक गॅलनच्या बरण्यांत काढून घ्या, एक बरणी साधी ठेवा, बाकीच्यांत वेगवेगळं काही. किती घालायचं हे पुस्तकात बघू नका, ग्लासात बघा. प्रत्येकी १०० मिलिलिटर बिअरचे चार ग्लास भरा. औषधाच्या सिरिंजने एकात १ मिलिलिटर कोकम आगळ, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथा तसाच. घरातल्या दोघा-तिघांना न सांगता चाखायला द्या. ज्यावर एकमत होईल त्याला ३८ ने गुणा, एक गॅलन बरणीचं माप मिळतं. त्यातूनही जरासं कमीच घाला, कारण बिअरमध्ये गॅस भरला की आंबटपणा वाढलेला वाटतो. आगळात मीठ असतं, ते इथे शोभतं. कोकम सरबताचा पाक कधीही वापरू नका: त्यात साखर असते, यीस्ट बाटलीत ती खात बसतं आणि बाटली फुटते. काच उडते, हा विनोद नाही.

धन्यांचं असंच. इंडियन स्टोअरचे लांबट, पिवळसर धने गोल धन्यांपेक्षा लिंबाकडे झुकणारे असतात. दहा ग्रॅम जाडसर कुटून ६० मिलिलिटर व्होडकात चार-पाच दिवस ठेवा, गाळा, आणि ग्लासात अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरने चाखा. धने जास्त झाले की बिअर साबणासारखी लागते.

हापूसबद्दल सगळे विचारतात. मी घालत नाही. साखर आंबून गेल्यावर हापूसचं हापूसपण उरत नाही, आंबटपणा तेवढा राहतो, आणि चांगला डबा वाया जातो. आमरस करा.

बाटल्या भरताना गॅस धरण्यापुरती १९ लिटरला ११५ ग्रॅम साधी साखर, थोड्या पाण्यात उकळून गार केलेली. एक गॅलनच्या बरणीला २३ ग्रॅम. बुच लावून वीस-बावीस अंशांवर दोन आठवडे, मग फ्रिजमध्ये आणखी दोन. क्रीम एल फ्रिजमध्ये खरी निवळते.

यानंतर दोन जुन्या अमेरिकन बिअर याच सामानात होतात. सॅन फ्रान्सिस्कोची ‘कॅलिफोर्निया कॉमन’: बर्फ दुर्मीळ असताना लागरचं यीस्ट तिथल्या गार हवेतच आंबवून निघालेली. अँकर ब्रुअरीने ती जिवंत ठेवली. ती ब्रुअरी बुडायच्या बेतात असताना १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी हात दिला, आणि २०२३ मध्ये ती शेवटी बंद पडली. टू-रो ४.२ किलो, क्रिस्टल ४० माल्ट (गोडसर, रंग देणारं; ४० हा रंगाचा आकडा) ४५० ग्रॅम. नॉर्दर्न ब्रुअर हॉप्स साठ मिनिटांना २८ ग्रॅम, शेवटच्या पंधरा मिनिटांना १४ आणि गॅस बंद करताना २०. यीस्ट डब्ल्यूएलपी ८१० किंवा वायईस्ट २११२, तापमान १६ अंश. हॉप्सना लाकडाचा, पुदिन्याचा वास असतो. सिट्रा वगैरे आजचे फॅशनेबल हॉप्स घातलेत तर तिला दुसरं काहीतरी नाव द्या.

दुसरी लुईव्हिलची ‘केंटकी कॉमन’, अमेरिकेतल्या दारूबंदीच्या आधीची, कामगारांची बिअर. सिक्स-रो २.६ किलो, मक्याचे फ्लेक्स १.४ किलो, क्रिस्टल ६० माल्ट १०० ग्रॅम, काळं माल्ट ६५ ग्रॅम. क्लस्टर साठ मिनिटांना २५ ग्रॅम, दहाला १५. तिथलं पाणी चुनखडीचं, त्याचा अल्कधर्मी गुण काळ्या माल्टच्या आम्लाने सावरतो. माझ्या नळाचं पाणीही जड आहे, म्हणून ही मला नेहमी जमते. हिच्यात ४०० ग्रॅम मका काढून तितकीच काकवी उकळण्याच्या शेवटी घालून बघा. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७५७ च्या वहीत साध्या बिअरची कृती आहे, ती कोंडा, हॉप्स आणि मोलॅसिसची. काकवी मोलॅसिसपेक्षा सौम्य आणि माझ्या मते चांगली. गूळ घेतलात तर काळपट घ्या, पिवळ्याधमक गुळाला चवच नसते. केंटकी कॉमन साठवायची बिअर नव्हे. जुन्या काळी आठवड्याभरात ती पिपातून ग्लासात जायची; घरी बाटलीत गॅस धरला की महिन्याभरात संपवा.